वेळ आली तर बघू

गेल्या पावसाळ्यात बेळगावला बहिणीकडे गेले होते. टिळकवाडीतल्या त्या घराच्या बैठकीच्या खोलीत दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या. भाची आयर्लंडला निघाली होती, तिथल्या एका रुग्णालयात नर्सची नोकरी लागली होती. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं, नवरा मागाहून जाणार होता. एका बॅगेत मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कुंद्याचे डबे. दुसरीत लोकरी मोजे आणि एकात एक घातलेले स्वेटर. भाजलेल्या धन्या-खोबऱ्याचा वास घरभर, आणि बाहेर बेळगावचा तो बारीक, चिकट, दिवसभर न उघडणारा पाऊस. तिच्या सासूबाई हातातल्या काट्याला बॅग अडकवून वजनं घेत होत्या. मोजे गुंडाळता गुंडाळता, मान वर न करताच, भाचीनं मला विचारलं, "मावशी, तिकडं आता करतात नव्हं? म्हणजे सविताला झालं तसं काय झालं तर?"

"शुभ बोल की गं जरा," सासूबाई म्हणाल्या. "वेळ आली तर बघू. आत्तापासून कशाला ते?"

"करतात," मी म्हटलं. पण तोवर काटा दुसऱ्या बॅगेला लागला होता आणि लोणच्याची बरणी काढायची की कुकर, यावर खोलीत जोरात चर्चा सुरू झाली होती. सासूबाई वाईट नाहीत. सुनेवर त्यांचा जीव आहे. तो कुकर त्यांनी स्वतः चार दुकानं फिरून आणला होता. तरी त्यांचं ते वाक्य माझ्या मनातून जाईना. परतताना निपाणीजवळ तवंदीच्या घाटात गाडी वळणं घेत होती तेव्हाही तेच घोळत होतं. कारण बेळगावची सविता हलप्पनवार आयर्लंडच्या एका रुग्णालयात गर्भपात नाकारला जाऊन गेली, ती याच वाक्यापायी. एका देशानं आपल्या राज्यघटनेत जवळजवळ हेच लिहून ठेवलं होतं.

बेळगावात तिला आडनाव लावावं लागत नाही. सविता म्हटलं की कळतं. एरवी कानडी-मराठीवरून पेटणारं हे गाव २०१२ च्या दिवाळीत एकाच लेकीसाठी हळहळत होतं. लक्ष्मीपूजन १३ नोव्हेंबरला झालं, आणि दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, 'आयरिश टाइम्स'नं तिची बातमी छापली. मग ती सगळ्या जगभर गेली. दारात कालच्या पणत्या तेल सुकून काळ्या पडलेल्या, फटाक्यांच्या लाल कागदांचा खच, आणि घराघरातल्या टीव्हीवर तिचा तो फोटो: कपाळावर टिकली, मोकळे केस, मनमोकळं हसू. एकतीस वर्षांची दातांची डॉक्टर. आमच्याकडे फराळाला आलेल्या बायका ताट हातात धरून उभ्याच राहिल्या होत्या. राग नंतर आला. आधी कुणाला काही उमगेचना. "मूल जाणार हे ठरलंच होतं म्हणतात. मग पिशवी मोकळी का नाही केली?" एक म्हातारी काकू पुन्हा पुन्हा विचारत होती. त्या खोलीतल्या निम्म्या बायकांनी कधी ना कधी ते सोसलेलं होतं, आणि त्याला त्या सहजपणे 'क्युरेटिंग केलं' किंवा 'पिशवी साफ केली' म्हणत. दुपारी दवाखान्यात गेलं, संध्याकाळी घरी, चार दिवस जड काही उचलायचं नाही. पाप-पुण्याच्या गोष्टी त्यांच्याही डोक्यात असतील, पण रक्त जाणाऱ्या बाईला डॉक्टर हात लावत नाही हे त्यांच्या कल्पनेपलीकडचं होतं.

तिला ते मूल हवं होतं.

हे मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण नंतरच्या गदारोळात ते हरवलं. पहिलं बाळंतपण, सतरावा आठवडा, आईवडील बेळगावहून तिच्याकडे राहायला आलेले. ते परत निघाले आणि इकडे लेक रुग्णालयात. २१ ऑक्टोबर, रविवार: पाठ दुखते म्हणून ती गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात गेली, आणि गर्भ वाचणार नाही हे तिला त्याच दिवशी सांगितलं गेलं. रविवार-सोमवारच्या मध्यरात्री पाणी गेलं. मग तिनं आणि नवऱ्यानं विचारलं, मूल वाचणार नसेल तर हे लवकर संपवता येईल का? गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू आहेत तोवर नाही, असं उत्तर मिळालं. बुधवारी सकाळपर्यंत तिला ताप चढला, नाडी धावू लागली, जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. त्या दुपारी गर्भ आपोआप पडला. तिथून ती अतिदक्षता विभागात गेली आणि २८ ऑक्टोबरच्या पहाटेआधीच संपली.

पुढच्या वर्षी गॉलवेत झालेल्या मृत्यू-चौकशीत हे सगळं तासातासानं बाहेर आलं. पहिल्याच दिवशीच्या रक्त-तपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसत होत्या, तिकडे कुणी पाहिलं नाही. नाडी-तापाच्या नोंदी वेळच्या वेळी झाल्या नाहीत. गर्भपाताला विरोध करणारे आजही म्हणतात की दोष हलगर्जीपणाचा होता, कायद्याचा नाही. हलगर्जी होतीच, अहवालांनी ती पानापानावर दाखवली आहे. पण चौकशीत साक्ष देणारे ज्येष्ठ प्रसूतितज्ज्ञ पीटर बॉयलन जे म्हणाले ते मला विसरता येत नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: सोमवारी किंवा मंगळवारी गर्भपात केला असता तर ती बहुधा वाचली असती, पण त्या दिवशी तिच्या जिवाला पुरेसा धोका दिसत नसल्यानं कायद्यानं तो करता आला नसता. आणि बुधवारी, जेव्हा कायद्यानं करता आला असता, तेव्हा उशीर झाला होता. म्हणजे डॉक्टरनं रुग्णाला बरं करायचं सोडून ती मरणाच्या किती जवळ आली आहे ते मोजत बसायचं. फार दूर असेल तर आपण तुरुंगात, फार जवळ गेली तर ती स्मशानात.

ही व्यवस्था आकाशातून पडली नव्हती. १८६१ च्या इंग्रजी कायद्यानं तिथे गर्भपाताला जन्मठेप ठेवली होती. त्याच इंग्रजांनी आदल्याच वर्षी आपल्या दंडसंहितेत ३१२ वं कलम घातलं होतं. दोन वसाहती, एकाच हातानं लिहिलेली दोन कलमं. आपण १९७१ मध्ये वेगळा कायदा करून त्यातून वाट काढली. आयर्लंडनं उलट ७ सप्टेंबर १९८३ ला सार्वमत घेऊन ती बंदी राज्यघटनेत आणखी खोल रोवली. ही आठवी दुरुस्ती. गर्भाचा जगण्याचा हक्क आणि आईचा जगण्याचा हक्क समान, असं तिचं म्हणणं. ६६.९ टक्के लोकांनी तिला मत दिलं. कागदावर हे वाचताना समतेचा भास होतो. पण दोघांचा हक्क समान म्हणजे बाईच्या बाजूनं बोलायला तिचा जीवच धोक्यात यावा लागणार. तिची तब्येत, तिचं दुःख, तिची इच्छा, यांपैकी कशालाच त्या तराजूत वजन नव्हतं.

आपल्याकडचा कायदा आहे म्हणून फुशारकी मारावी असंही मला वाटत नाही. तो आला लोकसंख्येच्या धास्तीतून. बाईचा हक्क म्हणून नव्हे. अजूनही निर्णय कायद्यानं डॉक्टरच्या मतावर टांगलेला आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी असताना नवऱ्याची सही आणा म्हणणारे दवाखाने मी पाहिले आहेत. आणि गर्भलिंग निदान केले जात नाही अशा पाट्यांखाली बसलेल्या, तिसऱ्या मुलीच्या भीतीनं पांढऱ्याफटक पडलेल्या सुनाही पाहिल्या आहेत. त्यांच्या बाबतीत 'निवड' कुणाची होती? एका देशात बाईला नको असताना मूल ठेवायला लावत होते, दुसऱ्यात हवं असताना काढायला लावतात. या दोन गोष्टी मला एकमेकींच्या विरुद्ध कधीच वाटल्या नाहीत. दोन्हीकडे ठरवणारं दुसरंच कुणीतरी असतं. तरीसुद्धा, सविता त्या आठवड्यात बेळगावात असती तर आज पंचेचाळिशीकडे झुकली असती, हे त्या दिवाळीत गावातल्या प्रत्येक बाईला कळत होतं, आणि तेच सगळ्यात जास्त जाळत होतं. पोरगी अधिक सुखाच्या देशात गेली, असं म्हणत आपण पाठवतो ना?

काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीकडे मी गॉलवेला राहून आले. लहान, हसरं गाव आहे. समुद्राच्या बाजूला सॉल्टहिलचा लांब रस्ता, तिथे चालायला येणारी माणसं टोकाच्या भिंतीला पायानं हलकेच ठोकर मारून परत फिरतात. मीही मारली. गावातून कॉरिब नदी जाते, एवढीशी नदी पण कमालीची वेगवान, काळपट तपकिरी पाणी पुलाखालून आरडत जातं. पुलाच्या पलीकडे हिरवट घुमटाचं मोठं कॅथीड्रल, जुन्या तुरुंगाच्या जागेवर बांधलेलं. तिथून रुग्णालय चालत काही मिनिटांवर. मी फाटकापर्यंत गेले. बेळगावसारखाच बारीक पाऊस होता. रात्रपाळी संपवून बाहेर पडणाऱ्या नर्स, त्यांतल्या कित्येक केरळच्या, छत्र्या उलगडत मल्याळीत हसत बसथांब्याकडे चालल्या होत्या. आत जायचं माझ्याकडे काही कारण नव्हतं. मी ज्या रागानं आले होते तो तिथे उभं राहून कुणावर काढावा कळेना. चौकशीत एका सुईणीनं कबूल केलं होतं की 'हा कॅथलिक देश आहे' असं ती सविताला म्हणाली होती. ते वाक्य जगभर गाजलं. पण तिनं हेही सांगितलं की दुखवायचा हेतू नव्हता, गप्पांच्या ओघात, इथे असं का आहे ते समजावताना ते तोंडून गेलं, आणि तिला त्याचा पश्चात्ताप होता. मला ते पटलं. ती सुईण क्रूर नव्हती. एका दयाळू बाईच्या तोंडून असं वाक्य सहज निघावं, इतका तो कायदा तिथल्या हवेत मुरला होता.

पण याच हवेत राहून त्या कायद्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायका मला अधिक ओढतात. आपल्याकडे आयर्लंड म्हटलं की स्वातंत्र्यलढा आठवतो, भारतात येऊन काम केलेल्या ॲनी बेझंट, मार्गारेट कझिन्स आठवतात. तिथल्या बायकांनी आपल्याच स्वतंत्र झालेल्या देशाशी केलेला लढा आपल्याला फारसा कुणी सांगितला नाही. १९३५ पासून तिथे गर्भनिरोधकांची विक्री आणि आयात दोन्ही बंद. २२ मे १९७१ ला डब्लिनच्या सत्तेचाळीस बायका आगगाडीत बसून सरहद्दीपलीकडे बेलफास्टला गेल्या, कारण तिथे ती दुकानात मिळत. गोळ्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागते हे तिथे गेल्यावर कळलं, तेव्हा त्यांनी ॲस्पिरिनची पाकिटं घेतली; जकातवाल्यांना काय फरक कळणार! परतल्यावर डब्लिनच्या स्टेशनात त्यांनी माल उघडपणे दाखवला, गोळ्या सगळ्यांसमोर गिळल्या, आणि जकातवाल्यांनी नजर खाली घालून त्यांना जाऊ दिलं. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, आपल्या संसदेनं गर्भपाताचा कायदा केला. पत्रकार नेल मॅककॅफर्टी या त्या गाडीतल्या एक. त्या दिवशी घरी आईला काय तोंड दाखवायचं या धास्तीनं कितीतरी जणींच्या पोटात गोळा आला असेल, असं मला नेहमी वाटतं. कायदा मोडण्यापेक्षा आईसमोर ते बोलणं अवघड.

बोलणं अवघड होतं म्हणून काय काय झालं. ३१ जानेवारी १९८४, ग्रॅनर्ड नावाचं छोटं गाव. ॲन लव्हेट, वय पंधरा, शाळेचं दप्तर घेऊन गावातल्या मेरीमातेच्या मूर्तीपाशी गेली. नाळ कापायला बरोबर कात्री नेली होती. पावसात, थंडीत, तिथेच ती एकटी बाळंत झाली. बाळ गेलं, संध्याकाळपर्यंत तीही गेली. आठवी दुरुस्ती होऊन पाच महिनेही झाले नव्हते. त्यानंतर गे बर्न यांच्या रेडिओ कार्यक्रमाकडे देशभरातून बायकांची पत्रं येऊ लागली, चाळीस-पन्नास वर्षं कुणाला न सांगितलेल्या गोष्टींची. शेतातली बाळंतपणं, न्हाणीघरातली, पुरून टाकलेली बाळं. एका सकाळी ती पत्रं हवेवर एकामागून एक वाचली गेली, दुसरं काही नाही. स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता ती ऐकणाऱ्या बायकांचा मी विचार करते. शेजारच्या घरातही हेच ऐकत असतील, हे त्यांना माहीत होतं.

आणि ज्या बोलू शकत नव्हत्या त्या बोटीनं गेल्या. १९८० पासून पुढच्या साडेतीन दशकांत किमान एक लाख सत्तर हजार बायका आयर्लंडमधून गर्भपातासाठी बाहेर गेल्या, बहुतेक इंग्लंडला. या फक्त पत्ता खरा देणाऱ्या. मैत्रिणीच्या लग्नाला जाते, खरेदीला जाते, मुलाखत आहे, असं सांगून. माहिती देण्यावरही बंदी होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या दवाखान्यांचे फोन नंबर छापले म्हणून विद्यार्थी संघटनांवर खटले भरले गेले. मग ते नंबर बायकांच्या स्वच्छतागृहांच्या दारांमागे लिहिले जाऊ लागले. लंडनमध्ये आयरिश बायकांचाच एक मदतगट होता. उतरणाऱ्या अनोळखी मुलीला ओळख पटावी म्हणून त्या लाल घागरा घालून जात, आणि फोनवर गर्भपाताला 'इमेल्डा' म्हणत. घरात फोनशेजारी वडील बसलेले असले तरी मुलगी इमेल्डाबद्दल विचारू शकायची. परक्या शहराच्या स्टेशनवर, उलटीची भावना दाबत, गर्दीत एक लाल घागरा शोधणारी अठरा वर्षांची मुलगी. तिला रात्री कुणाच्या तरी सोफ्यावर पांघरूण मिळे, चहा मिळे, दुसऱ्या दिवशी परतीची बोट. त्या मदत करणाऱ्या बायकांनी वीस वर्षं हे काम केलं.

राज्याला हे सगळं ठाऊक होतं. १९९२ च्या फेब्रुवारीत बलात्कारातून गरोदर राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला इंग्लंडहून परत यावं लागलं, न्यायालयानं तिला देश सोडायला मनाई केली. मुलगी जीव देईन म्हणत होती. लोक रस्त्यावर आले आणि सर्वोच्च न्यायालयानं मनाई उठवली, आत्महत्येचा धोकाही जिवाचा धोका मानला. त्याच वर्षाच्या शेवटी सार्वमतानं घटनेत आणखी एक गोष्ट घातली गेली: बाहेर जाण्याचं स्वातंत्र्य. म्हणजे हेच करायला दुसऱ्या देशात जा, आम्ही अडवणार नाही. ज्यांच्याकडे पैसे आणि पासपोर्ट, त्यांचा प्रश्न सुटला. निर्वासित म्हणून आलेल्या, व्हिसावर राहणाऱ्या बायकांना तेही नाही. २०१४ मध्ये मायदेशात बलात्कार झालेल्या एका निर्वासित मुलीला शेवटी शस्त्रक्रियेनं अपुऱ्या दिवसांचं मूल जन्माला घालावं लागलं. त्याच वर्षीच्या नाताळात दोन मुलांची एक आई, मेंदू मृत झालेली, पोटात काही आठवड्यांचा गर्भ आहे म्हणून यंत्रांवर ठेवलेली होती. तिचा देह घरच्यांना द्यायला डॉक्टर घाबरत होते, शेवटी न्यायालयाला तशी परवानगी द्यावी लागली. हे सविता गेल्यानंतरचं आहे. आईच्या जिवाला धोका असताना गर्भपाताला परवानगी देणारा २०१३ चा कायदा झाल्यानंतरचं आहे. त्या कायद्यानं डॉक्टरला थोडी वाट दिली आणि टपालानं आलेली गोळी घरी घेणाऱ्या मुलीला चौदा वर्षांच्या शिक्षेची भीती घातली.

सविताच्या मृत्यूनंतर पेटलेल्या मेणबत्त्या विझल्या नाहीत, यामागे निव्वळ भावना नव्हती, कष्ट होते. दर वर्षी डब्लिनमध्ये मोर्चा निघत राहिला. काळ्या स्वेटरवर पांढऱ्या अक्षरांत 'रिपील', म्हणजे 'रद्द करा', लिहून पोरी कॉलेजात, कचेरीत, आजीकडे जेवायला गेल्या. सरकारनं नव्व्याण्णव सामान्य नागरिकांची सभा बसवली, न्यायमूर्ती मेरी लॅफॉय यांच्या अध्यक्षतेखाली. घरी शिजवता-धुता आठवड्याच्या शेवटी येऊन बसलेल्या त्या माणसांनी डॉक्टर, वकील आणि स्वतः गर्भपात केलेल्या बायकांचे अनुभव ऐकले, आणि राजकारण्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी पुढची शिफारस केली. आठवी दुरुस्ती काढण्यासाठी झालेल्या २०१८ च्या सार्वमत मोहिमेच्या तीन प्रमुखांपैकी एल्वा स्मिथ तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. १९८३ मध्ये हरलेल्या बाजूलाही त्या उभ्या होत्या. पस्तीस वर्षं एक प्रश्न उराशी धरून राहायचा. मला याचं कौतुक शब्दांत नीट करता येत नाही.

त्यांनी लोकांना जिंकलं ते दारोदार जाऊन. दार उघडणाऱ्या माणसाशी भांडायचं नाही, अनुभव सांगायचा. 'इन हर शूज' नावाच्या फेसबुक पानावर बायका चेहरा न दाखवता आपल्या चपलांचा-बुटांचा फोटो आणि आपली हकिकत पाठवायच्या. शाळेचे काळे बूट. बाळंतपणानंतरच्या सपाता. चिखलानं माखलेले शेतातले गमबूट. मी रात्री उशिरापर्यंत ते वाचत बसायचे. हवं असलेलं मूल जगणार नाही असं निदान झाल्यावर लिव्हरपूलला गेलेल्या आणि बाळाच्या अस्थी नंतर कुरियरनं आलेल्या जोडप्यांच्या हकिकती त्यात होत्या. अशा आईबापांनी आपली स्वतंत्र संघटना काढली होती आणि नावानिशी, टीव्हीवर येऊन, ते हे सांगत होते. मतदानाच्या आधी जगभरातून आयरिश मुलंमुली घरी परतू लागली, विमानतळांवर अनोळखी लोक मिठ्या मारत होते. आणि बेळगावहून सविताच्या वडिलांनी, अंदानप्पा याळगींनी, तिथल्या मतदारांना हात जोडून विनंती केली की माझी मुलगी आठवा आणि 'हो' म्हणा.

तिच्या चेहऱ्याचं मात्र मला दुखत राहिलं. डब्लिनच्या एका भिंतीवर तिचं मोठं चित्र काढलं गेलं, आणि मतदानानंतर लोकांनी त्याच्या भोवती रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, शेकड्यांनी. बहुतेकींत एकच गोष्ट: माफ कर. पाऊस त्या खराब करील म्हणून शहराच्या ग्रंथालयानं त्या गोळा करून जपून ठेवल्या. हे वाचून डोळे भरतात. पण तिथल्या स्थलांतरित बायकांच्या 'मर्ज' या गटानं विचारलेला प्रश्नही तितकाच खरा आहे. एका गोऱ्या नसलेल्या बाईचा चेहरा तुम्ही फलकावर घेता, मग आमच्यासारख्या जिवंत बायका तुमच्या व्यासपीठावर किती आहेत? व्हिसा, भाषा, डॉक्टरकडे दुभाषी, यांबद्दल कोण बोलणार? सविता हयात असती तर गॉलवेत दिवाळीला मुलांचे नाच बसवणारी एक भारतीय बाई, एवढीच तिची ओळख राहिली असती. तिला हुतात्मा व्हायचं नव्हतं.

२५ मे २०१८ ला मतदान झालं. ६६.४ टक्के लोकांनी आठवी दुरुस्ती काढून टाकली. १९८३ चा आकडा जवळपास तसाच उलटा. फक्त डॉनेगल परगणा 'नाही' म्हणाला. डब्लिनच्या किल्ल्याच्या चौकात जमलेली गर्दी तिचं नाव घेत होती, स-वि-ता, आयरिश जिभेवर थोडं अडखळत. मी पुण्यात, मे महिन्याच्या उकाड्यात, मोबाइलवर ते बघत होते. आनंद झाला, आणि तेवढाच राग आला.

भाची आता तिकडे रुळली आहे. तिला मी मागाहून सगळं नीट लिहून पाठवलं: सरकारी मोफत फोनसेवा 'माय ऑप्शन्स', बारा आठवड्यांपर्यंत कारण न देता, जवळच्या साध्या डॉक्टरकडेसुद्धा. तिनं उत्तरात लिहिलं की हे तिला नोकरीच्या प्रशिक्षणातच सांगितलं होतं. ती आता खाटेच्या त्या बाजूला उभी असते. तिचे रुग्ण तिला विचारतात, आणि तिला समजावून सांगता येतं. सासूबाई तिला फोनवर अजून हवापाण्याचंच विचारतात.

निकाल लागल्यावर सविताच्या वडिलांची एक मागणी होती: नव्या कायद्याला तिचं नाव द्यावं. ते झालं नाही. तेव्हा मला वाटलं होतं की निदान एवढं तरी त्यांना द्यायला हवं होतं. नंतर मी तो कायदा बारकाईनं वाचला. १ जानेवारी २०१९ पासून सेवा सुरू झाली, पण बारा आठवड्यांच्या आतल्या बाईनंही डॉक्टरला पहिल्यांदा भेटल्यावर तीन दिवस थांबायचं आहे. विचार करायला म्हणे. जणू पहिल्या भेटीच्या आधी तिनं विचारच केलेला नसतो. खेड्यातून दोनदा प्रवास, दोनदा रजा, आणि बारावा आठवडा जवळ आला असेल तर मुदतच टळते. मग पुन्हा इंग्लंड. सविताच्या परिस्थितीत, जिवाला किंवा तब्येतीला धोका असताना, ही अट लागत नाही, हे खरं आहे. पण रविवारपासून बुधवारपर्यंत तिलाही तीनच दिवस थांबवलं होतं. बाईला स्वतःला आता शिक्षा नाही, मात्र कायद्याची रेघ ओलांडणाऱ्या डॉक्टरला चौदा वर्षांपर्यंतचा तुरुंग तसाच आहे, म्हणजे खाटेपाशी उभं राहून कलम आठवणं अजून संपलेलं नाही. २०२३ साली सरकारनंच नेमलेल्या बॅरिस्टर मरी ओशे यांच्या अहवालानं या दोन्ही गोष्टी बदलायला सांगितल्या. मोहिमेतल्या त्याच बायका, आता केस आणखी पिकलेल्या, त्यासाठी पुन्हा संसदेच्या दारात उभ्या राहतात. त्यांना यश येवो. ते तीन दिवस आणि ती चौदा वर्षं कायद्यातून निघाली की मग त्याला याळगींच्या लेकीचं नाव खुशाल द्यावं. तोवर देऊ नये, असंच मला वाटतं.